'दिवस कासराभर वर आला व्हता'

प्रश्न : माझे आजोबा नव्वदीकडे झुकलेत. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते गुरं राखायचे. आमचं मूळ गाव पैनगंगेच्या काठचं. रझाकारांच्या भीतीनं घरदार नदी ओलांडून वऱ्हाडात गेलं, ती हकीकत मी त्यांच्याकडून ऐकून वहीत लिहून काढतोय. पण तारीख विचारली की ते म्हणतात, "पोळा झाला होता रं." किती वाजले होते? "दिवस कासराभर वर आला व्हता." माणसं किती होती? "लई." नदी किती लांब होती? "दोन-तीन हाका." परवा टीव्हीवर हेगच्या न्यायालयाची बातमी बघताना वाटलं, युद्धातल्या अत्याचारांचे खटले तिथं चालतात, तेव्हा साक्षीला आजोबांसारखीच माणसं येत असतील. परक्या देशाचे न्यायाधीश त्यांचं खरं मानतात का? एका मुलखातल्या माणसांनी दुसऱ्या मुलखातल्या माणसांचा न्याय करायचा तरी कसा? आणि माझ्या वहीत मी तारखा भरू की नको?
– एक वाचक, सेनगाव, जि. हिंगोली

उत्तर : आजोबांच्या पहिल्याच वाक्यापासून सुरुवात करतो. पोळा श्रावणी अमावस्येला. १९४८ साली ती अमावस्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. भारतीय सैन्य १३ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाची राजवट संपली. आजोबा पोलीस ॲक्शनच्या दिवसांबद्दल बोलत असतील, तर 'पोळा झाला होता' हे त्यांचं उत्तर पंधरवड्याच्या आत नेमकं बसतं. निजामाच्या कारभारात फसली सन चालायचा, त्यामुळं याच दिवसांची नोंद तेव्हाच्या सरकारी दप्तरात १३५७ फसली अशी झाली असती. आजोबांचा पोळा, दप्तरातला फसली आणि तुमच्या वहीतला सप्टेंबर, तिन्ही बरोबरच आहेत. न्यायालयात मात्र त्यातलं एकच चालतं.

फार वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुका न्यायालयात मी मागच्या बाकावर बसलो होतो. पिंजऱ्यात एक म्हातारी. भांडण किती लांबून पाहिलं, असं वकिलांनी विचारलं. ती म्हणाली, हाकेच्या अंतरावरून. मीटरमध्ये सांगा. तिला मीटर ठाऊक नव्हता. वकील थांबेनात, तेव्हा ती म्हणाली, "लिव्हा पन्नास." पंचनाम्यात अंतर त्याच्या कितीतरी पट निघालं आणि म्हातारी खोटी ठरली. तिचा खोटेपणा एवढाच, की समोरच्या माणसाला हवं ते माप तिनं देऊन टाकलं. पुढं आंतरराष्ट्रीय खटल्यांची निकालपत्रं वाचताना ही बाई मला पुन्हा पुन्हा भेटली. देश वेगळा, भाषा वेगळी, बाई तीच.

तिची सगळ्यांत मोठी भेट झाली ती रवांडाच्या खटल्यांत. १९९४ साली एप्रिल ते जुलैच्या दरम्यान तिथं तुत्सी लोकांचा संहार झाला. संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी न्यायाधिकरण नेमलं आणि ते बसवलं शेजारच्या टांझानियात, अरुशा शहरात. पहिला मोठा खटला ताबा नावाच्या भागाचा प्रमुख असलेल्या ज्याँ-पॉल अकायेसूवर चालला. न्यायाधीश तिघं : सेनेगलचे, स्वीडनचे आणि दक्षिण आफ्रिकेच्या नवी पिल्ले. पिल्ले यांचं घराणं मूळचं तमिळ. साक्षीदार बोलणार किन्यारवांडात, दुभाषा त्याचं फ्रेंच करणार, दुसरा दुभाषा त्या फ्रेंचचं इंग्रजी करणार, आणि न्यायाधीशांचा प्रश्न त्याच वाटेनं उलटा साक्षीदारापर्यंत जाणार.

२ सप्टेंबर १९९८च्या निकालपत्रात न्यायाधीशांनी ही अडचण उघडपणे मांडली आहे आणि मला ती पानं फार मोलाची वाटतात. साक्षीदारांना तारखा, वेळा, अंतरं सांगणं जड जातं, नकाशा आणि छायाचित्रं वाचता येत नाहीत, असं त्यांनी नोंदवलं. प्रश्नाला सरळ उत्तर देण्याची त्या समाजात रीत नाही, नाजूक प्रश्न असेल तर नाहीच, हेही लिहिलं. तोंडी परंपरेत वाढलेला माणूस स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं एकाच दमात सांगतो, हेही लिहिलं. आणि या कारणांवरून साक्षीदाराला लबाड ठरवायचं नाही, असं ठरवलं. मात्र पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, हे पुन्हा पुन्हा विचारून वेगळं केलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे : चांगला न्यायाधीश आजोबांचं खरं मानतो, पण त्याआधी त्यांचं माप समजून घ्यायला वेळ देतो.

पाहिलेलं आणि ऐकलेलं, यावरून आपल्या मराठीची एक गंमत सांगावीशी वाटते. आपल्याकडं 'म्हणे' नावाचा एक चिमुकला शब्द आहे. 'वाड्याला आग लावली' आणि 'वाड्याला आग लावली म्हणे' यांत कायद्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात बोलणारा छातीवर हात ठेवून सांगतोय, दुसऱ्यात ऐकीव माहिती पुढं करतोय. आजोबा हा फरक अगदी काटेकोरपणे पाळत असतील, ऐकून बघा. पण घाईतला दुभाषा तो 'म्हणे' गिळून टाकतो आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होऊन बसते. उलटतपासणीत ती उघडी पडली, की दोष आजोबांच्या माथी. 'भाऊ'चंही तसंच. चुलतभाऊ, मावसभाऊ, गावभाऊ, सगळे आपल्याला भाऊच. आधीच्या जबाबात 'माझा भाऊ मारला' आणि न्यायालयात 'चुलत्याचा पोरगा' असं आलं, की वकील विसंगती म्हणून लाल रेघ ओढतो.

दुभाष्याची अडचण दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा जगासमोर आली. नोव्हेंबर १९४५मध्ये न्यूरेंबर्गला खटला सुरू झाला. तिथं इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी कानात भाषांतर ऐकू यायचं. बोलणारा भराभर बोलू लागला की पिवळा दिवा, थांबायला हवं असेल तर लाल. टोकियोच्या खटल्यात मात्र ही सोय चालेना. जपानी भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, अगदी मराठीसारखं. 'मी त्या कैद्यांना मारायचा हुकूम दिला...' इथपर्यंत वाक्य आलं तरी पुढं 'होता' येणार की 'नव्हता', हे कळत नाही. माणूस फासावर जाणार की सुटणार, ते शेवटच्या शब्दावर. म्हणून टोकियोत आधी बोलणं आणि मग भाषांतर अशी पद्धत ठेवली. जपानी दुभाषे, त्यांच्यावर लक्ष ठेवायला जपानी वंशाचे अमेरिकन, आणि वाद झालाच तर निवाडा द्यायला वेगळं मंडळ. खटला मे १९४६ ते नोव्हेंबर १९४८ इतका लांबला, त्यात या कामाचाही वाटा होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासमोर सुदानच्या दार्फूरमधल्या झगावा लोकांचं प्रकरण आलं, तेव्हा तर दुभाषेच मिळेनात. भाषेला रूढ लिपी नाही, कायद्याच्या कित्येक कल्पनांना शब्द नाहीत. माणसं शोधून त्यांना पहिल्यापासून तयार करावं लागलं.

पण शब्दकोशातला अर्थ मिळाला म्हणजे काम भागलं, असंही नाही. 'रझाकार' हाच शब्द घ्या. त्याचा मूळ अर्थ स्वयंसेवक, पण आपल्याकडं निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी. आजोबा सांगणार, "रझाकार आले आन् आम्ही दिवे इझवले." आपल्या मुलखाची ओळख नसलेला दुभाषा कोश उघडून लिहिणार, स्वयंसेवक आले म्हणून आम्ही दिवे विझवले. न्यायाधीश विचारात पडणार, स्वयंसेवक आल्यावर दिवे कशाला विझवायचे? 'पोलीस ॲक्शन' तरी काय? ती सैन्याचीच मोहीम होती, तुकड्या रणगाडे घेऊन आल्या होत्या. अरुशालाही हेच झालं. 'इन्येन्झी' म्हणजे झुरळ. सभेत एखादा पुढारी झुरळं मारा म्हणाला, तर तो घर झाडायला सांगतोय की शेजाऱ्याला मारायला? त्यासाठी मथियास रुझिंदाना नावाच्या भाषातज्ज्ञाला साक्षीला बोलवावं लागलं. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणाच्या तोंडी त्या शब्दाचा काय अर्थ होत होता, हे त्यांनी उलगडून सांगितलं. एका शब्दाच्या अर्थावर माणसांचा जीव होता.

आता जे बोललंच जात नाही, त्याबद्दल. अकायेसूवरच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्ष देताना एका बाईनं दुसऱ्याच प्रश्नाच्या ओघात आपल्या लहान मुलीवर काय गुदरलं ते सांगितलं. न्यायाधीशांनी तिला थांबवलं नाही, पुढं विचारलं. मग आणखी एकीनं सांगितलं. १९९७मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं आणि निकालात पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय न्यायालयानं बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरवला. त्या बायका जे शब्द वापरत होत्या ते आडवळणाचे होते, म्हणून किन्यारवांडातल्या एकेका शब्दाचा अर्थ निकालपत्रात लावावा लागला. आपल्या आयाबहिणींची भाषा आठवा : 'नासवलं', 'अब्रू घेतली', 'नको ते झालं'. ही भाषा न कळणारा तपास अधिकारी 'विशेष काही घडलं नाही' असंही लिहून मोकळा होऊ शकतो.

याबाबतीत परक्यांनाच बोल लावून चालणार नाही. १९७२ साली महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण घडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, पण १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं, कारण तिनं प्रतिकार केल्याच्या खुणा नव्हत्या. ठाण्यात, रात्री, दोन पोलिसांसमोर एका गरीब मुलीचं गप्प राहणं म्हणजे संमती, असा अर्थ आपल्याच देशाच्या न्यायालयानं लावला. देशभर संताप उसळला आणि १९८३मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ठक्कर यांनी लिहिलं, की साक्षीदाराची स्मृती म्हणजे छायाचित्र नव्हे, वेळ आणि कालावधी माणसं अंदाजानं सांगतात, आणि पाश्चात्त्य समाजाचे आडाखे भारतातल्या बाईला जसेच्या तसे लावू नयेत. अरुशाच्या निकालाच्या पंधरा वर्षं आधीचं हे आहे. साक्षीदाराच्या माथ्यावरचं ओझं कसं हलकं करायचं, हे आपल्याला आधीच कळलं होतं याचा मला अभिमान वाटतो. देसाईगंजच्या मुलीला त्याचा फायदा मिळाला नाही, याचं दुःखही तेवढंच आहे.

शपथेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आपल्याकडं पूर्वी बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायचे. पुस्तकावर हात ठेवून खोटं बोलणारा माणूसही भंडारा उचलताना कचरायचा. ख्मेर रूजच्या अत्याचारांचे खटले कंबोडियात चालले तेव्हा न्यायालयाच्या आवारात 'लोखंडी दंडाचा देव' मानल्या जाणाऱ्या लोकता दांबांग देकची मूर्ती होती, आणि बौद्ध साक्षीदार तिच्यासमोर शपथ घेत. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं चाललेलं न्यायालय गावच्या दैवताला आवारात जागा देतं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. प्रत्येक विसंगती 'संस्कृती'च्या खात्यावर टाकता येत नाही. माणसं खोटंही बोलतात. अरुशाच्या न्यायाधिकरणानं २००७मध्ये एका साक्षीदाराला खोट्या साक्षीबद्दल नऊ महिन्यांची कैद दिली. नॅन्सी कोंब्स या अमेरिकी अभ्यासक बाईंनी रवांडा, सिएरा लिओन आणि पूर्व तिमोरच्या खटल्यांची कागदपत्रं वाचून २०१०मध्ये पुस्तक लिहिलं. निम्म्याहून जास्त साक्षीदारांची साक्ष आणि आधीचा जबाब यांत त्यांना गंभीर तफावत आढळली. काहींमागे भाषांतर होतं, काहींमागे शिक्षणाचा अभाव, काहींमागे भीती, आणि काही सरळ बनाव. ते वेगवेगळं करायला वेळ आणि त्या मुलखाची ओळख लागते. ती नसली की न्यायाधीश एकतर सगळंच पोटात घालतात, नाहीतर सगळंच फेकून देतात. पहिल्यानं निरपराध माणूस तुरुंगात जातो, दुसऱ्यानं गुन्हेगार घरी.

एका मुलखातल्यांनी दुसऱ्यांचा न्याय करावा का, या तुमच्या प्रश्नावर आपल्याच देशाच्या न्यायाधीशाचं नाव घ्यावं लागेल : राधाविनोद पाल. टोकियोच्या अकरा न्यायाधीशांतले ते भारताचे. त्यांनी हजाराहून अधिक पानांचं वेगळं निकालपत्र लिहिलं आणि सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं. जिंकलेल्यांनीच हरलेल्यांचा न्याय करायचा, आणि तोही घटनेनंतर केलेल्या कायद्यानं, हे त्यांना मान्य नव्हतं. जपानमध्ये त्यांची स्मारकं उभी राहिली. पण पालांचा आधार घेऊन जपानी सैन्यानं काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांचं लिखाण नीट वाचलेलं नाही. अत्याचारांचा पुरावा भक्कम आहे, हे त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. त्यांचा प्रश्न होता, न्याय करण्याचा अधिकार कुणाचा. माझं मत विचाराल तर प्रश्न रास्त होता, पण सगळ्यांना सोडण्याचं उत्तर मला पटत नाही. चीनमधल्या, फिलिपीन्समधल्या खेड्यांतली जी माणसं मेली, त्यांचं गाऱ्हाणं त्या उत्तरात कुठंच बसत नाही.

'आमच्या रीतीनं आम्ही मिटवू' हाही एक सूर असतो. युगांडाचा डॉमिनिक ओंग्वेन शाळेत जाताना बंडखोरांनी पळवलेला नऊ-दहा वर्षांचा पोरगा. तोच पुढं त्या टोळीतला एक सेनापती झाला. हेगच्या न्यायालयानं ४ फेब्रुवारी २०२१ला त्याला ६१ गुन्ह्यांत दोषी ठरवलं आणि नंतर २५ वर्षांची शिक्षा दिली. बचाव पक्षाचं म्हणणं होतं, की म्होरक्या जोसेफ कोनीच्या अंगात येणाऱ्या भूतात्म्यांना सगळी टोळी भ्यायची. अचोली लोकांत 'मातो ओपुत' नावाचा विधी आहे, दोन्हीकडची माणसं कडू मुळीचा रस एकत्र पितात आणि वैर संपतं. तोही पुढं केला गेला. न्यायालयानं भुतांची भीती खोटी म्हटली नाही, पण इतक्या वर्षांत, इतक्या वेळा, इतक्या लोकांवर केलेल्या कृत्यांना ती पुरत नाही, असं ठरवलं. गावकीनं मिटवलेल्या भांडणात बऱ्याचदा कोणाचं तोंड बंद होतं, हे आपल्याला माहीत आहे. मला तो निकाल पटतो, जरी पळवून नेलेल्या त्या पोराची आठवण काही केल्या जात नाही.

आपल्या देशाचं म्हणाल, तर भारत या हेगच्या न्यायालयाचा सदस्य नाही. १९९८मध्ये रोमला या न्यायालयाचा करार झाला तेव्हा १२० देशांनी बाजूनं मत दिलं, सात विरोधात गेले, २१ तटस्थ राहिले. भारत तटस्थांत. सुरक्षा परिषदेला मिळालेले अधिकार आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत न घेणं, हे आपले मुख्य आक्षेप.

राहिला तुमचा मुलूख. रझाकारांवरचे खटले हैदराबादेतच चालले. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी, लातूरचा वकील, बीबीनगरच्या दरोड्यात दोषी ठरला, १९५७मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. पोलीस ॲक्शननंतर संस्थानातल्या मुसलमान वस्त्यांवर जे कोसळलं, त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार आले. शेकडो माणसांशी बोलून त्यांनी मृतांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजार असा अंदाजला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त पोळले होते. तो अहवाल कितीतरी दशकं दप्तरात राहिला. सत्तावीस आणि चाळीस यांच्यामधली ती तेरा हजार माणसं म्हणजे आजोबांचा 'लई' आहे. कुणी मोजायला बसलं नव्हतं.

म्हणून तुमच्या वहीबद्दल. आजोबांच्या वाक्यात तारीख घुसवू नका. 'पोळा झाला होता' असंच लिहा आणि समासात वेगळ्या शाईनं लिहा, पंचांगावरून सप्टेंबर १९४८ धरला, धरणारा मी. 'म्हणे' कुठं आलं आणि कुठं आलं नाही, ते जपून उतरवा. रझाकारांबद्दल विचाराल, तसंच पोलीस ॲक्शननंतर गावातल्या मुसलमान शेजाऱ्यांचं काय झालं, तेही विचारा. सांगताना ते थांबले तर 'इथं थांबले' एवढंच लिहा, पुढचं आपल्या मनानं भरू नका. आणि 'दोन-तीन हाका' म्हणाले, तर त्यांना जमेल तेव्हा अंगणात खुर्चीवर बसवा. तुम्ही चालत जा, मागं वळून विचारत राहा, "इथवर का, आजोबा?" ते हो म्हणतील तिथं दगड ठेवा आणि मग टेप लावून मोजा.